त्वचेच्या कॅन्सरवर प्रकाशाचा उपचार : कोणाला आणि केव्हा

त्वचेच्या काही कॅन्सरवर दृश्य प्रकाशाने, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या लाल किंवा निळ्या उजेडाने, उपचार करता येतात. या पद्धतीला फोटोडायनॅमिक थेरपी, थोडक्यात पीडीटी, म्हणतात. नुसत्या उजेडाने पेशी मरत नाहीत. आधी रोगट जागेवर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचे किंवा त्याच्या मिथाइल रूपाचे मलम लावून ती जागा साधारण तीन तास झाकून ठेवतात. पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन तयार करतात आणि बिघडलेल्या पेशींत ते जास्त साचते. मग ६३० ते ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाडला की प्रोटोपॉर्फिरिन ती ऊर्जा शोषून पेशीतल्या ऑक्सिजनला देते आणि हा उत्तेजित ऑक्सिजन पेशीला मारतो. निळा प्रकाश अधिक जोमाने शोषला जातो, पण त्वचेत फार खोल पोचत नाही.

१९०३ साली म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकला होता. अमेरिकेत थॉमस डोहर्टी यांनी १९७८ मध्ये रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९९० मध्ये कॅनडातील केनेडी व पॉटियर यांनी मलमाची पद्धत मांडली. आजचा उपचार त्याच वाटेने आला आहे.

उपचाराची मर्यादा खोलीने ठरते. सुमारे दोन मिलिमीटरपर्यंत जाडीच्या रोगावर तो चालतो : वरवरचा बेसल सेल कार्सिनोमा, बोवेनचा आजार आणि उन्हाने झालेले कॅन्सरपूर्व खरखरीत चट्टे. आत शिरलेला स्क्वॅमस सेल कॅन्सर आणि मेलानोमा यांच्यासाठी हा नेहमीचा उपचार नाही. वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमातही यशाची खात्री धरू नये. नेदरलँड्समधील एका चाचणीत पाच वर्षांनंतर पीडीटी घेतलेल्यांपैकी ६२.७ टक्के रुग्ण गाठमुक्त होते. इमिक्विमोड मलम लावणाऱ्यांत हेच प्रमाण ८०.५ टक्के होते. व्रण कमी राहतो हा पीडीटीचा मोठा गुण, पण त्याची किंमत या आकड्यांत दिसते.

भारतीय त्वचेत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे बेसल सेल कार्सिनोमा बहुधा काळसर असतो आणि त्यातले मेलॅनिन प्रकाश आधीच शोषून घेते. प्रस्तुत लेखकाच्या आत्याच्या नाकाशेजारी अशीच काळी, चकचकीत गाठ होती. घरच्यांनी तिला तीळ समजून औषधांच्या दुकानातले स्टेरॉइडचे मलम लावले. कुणी बिब्बा लावायचाही सल्ला दिला. पुढे एका खासगी दवाखान्यात ‘चिरफाड नाही’ म्हणून प्रकाशोपचार सुचवला गेला, तोही तुकडा न तपासता. दुसऱ्या डॉक्टरांनी बायोप्सी केली तेव्हा गाठ काळसर आणि खोल निघाली. शस्त्रक्रियेने ती काढली. प्रकाशोपचार झाला असता तर वरचा थर गेला असता आणि मुळातला रोग आत वाढत राहिला असता.

विदर्भातल्या बायकांनी कमरेवरच्या जखमेकडेही लक्ष द्यावे. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी बिहारमधील सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. परकराची नाडी किंवा लुगडे वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने तिथे न भरणारी जखम झाली आणि तिचा कॅन्सर झाला. एकीच्या जांघेतील लसिका ग्रंथीपर्यंत तो पोचला होता. धोतरामुळे होणाऱ्या अशाच कॅन्सरची नोंद मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ सालीच केली होती. अशा खोल जखमेत प्रकाशोपचाराला जागा नाही.

म्हणून बायोप्सी आधी, उपचाराची निवड नंतर. बायोप्सीची सोय नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही (मेडिकलमध्ये) आहे. अहवालात प्रकार, जाडी आणि रंग यांची नोंद आहे का, ते डॉक्टरांना विचारावे. कोडासाठी वापरतात तो ३११ नॅनोमीटरचा दिवा अतिनील किरणांचा असतो. तो पीडीटीचा दिवा नव्हे. उन्हात बसून कॅन्सर बरा होत नाही, उलट अतिनील किरणच त्याचे एक कारण आहे.

पीडीटी ठरलीच तर प्रकाश पडत असताना होणाऱ्या आगीची तयारी ठेवावी. जळजळ खरोखर तीव्र असते. गार हवा किंवा भूल देणारे इंजेक्शन मागायला संकोच करू नये. त्यानंतर ४८ तास ती जागा उजेडापासून जपावी. इथे नेहमीचे सनस्क्रीन पुरत नाही, कारण ते मुख्यतः अतिनील किरण अडवते आणि दृश्य प्रकाश आत जाऊ देते. जाड, गडद कापड हवे. चेहऱ्यावर उपचार असेल तर नुसता पातळ दुपट्टा गुंडाळून गाडीवर निघू नये, खिडकीजवळ बसू नये. नागपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हापेक्षा हिवाळ्यात वेळ घेतलेली बरी, पण डॉक्टरांनी घाई सांगितली असेल तर ऋतूसाठी थांबू नये. बरेचदा आठवड्याने दुसरी फेरी करावी लागते. तीन महिन्यांनी जागा तपासून घ्यावी आणि पुढेही काही वर्षे ठराविक अंतराने दाखवत राहावे. पुन्हा खपली धरली, रक्त आले किंवा मोत्यासारखी कड दिसली तर दुसऱ्यांदा बायोप्सी करून घ्यावी.