हृदयाचे गळके दार

गावातला हापसा आपल्याला ठाऊक आहे. दांडा मारला की पाणी वर चढते. चढलेले पाणी पुन्हा खाली पडू नये म्हणून आत झडप असते. ती झिजली तर काय होते? आपण दांडा मारमारून दमतो आणि कळशी काही भरत नाही. पाणी आतल्या आत परत जाते.

आपले हृदय हाही एक हापसाच आहे. मुठीएवढा, पण दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा चालणारा. मिनिटाला पाच लिटरच्या आसपास रक्त तो पुढे ढकलतो. त्यात चार कप्पे आहेत आणि चार झडपा. आज आपण एकाच झडपेविषयी बोलू. डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधली ही झडप. डॉक्टर तिला मायट्रल झडप म्हणतात. ख्रिस्ती बिशपांच्या उंच, दुपाखी टोपीला मायटर म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. झडपेलाही पाकळ्या दोनच. वाऱ्याने दार उलटे उघडू नये म्हणून आपण साखळी लावतो ना? तशा या पाकळ्या चिवट दोऱ्यांनी खाली बांधलेल्या असतात.

फुप्फुसांतून आलेले ताजे रक्त या दारातून खाली उतरते. मग खालचा कप्पा आवळतो, दार मिटते आणि रक्त अंगभर जाते. दार नीट मिटले नाही, तर काही रक्त उलटे वर जाते. त्याचा दाब फुप्फुसांवर पडतो. माणसाला दम लागतो.

दार का बिघडते? कोणाची दोरी लांबते किंवा तुटते. कोणाला हार्ट अटॅक येऊन गेल्यावर कप्पा फुगतो. पाकळ्या धड असतात, पण चौकटच रुंदावते. आपल्या देशात तिसरे एक कारण आहे, रुमॅटिक ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा येतो, मग ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात, झडप मात्र जाड आणि आखूड होऊन बसते.

आता नीट लक्ष द्या. हे गळणे दुखत नाही. हृदय मोठे होते, जास्त राबते आणि वर्षानुवर्षे वेळ मारून नेते. "जिना चढताना धाप लागते, पण वय झालंच की आता!" असे म्हणून माणूस गप्प बसतो. पुढे उताणे झोपले की गुदमरते, पाय सुजतात. तोवर स्नायू थकलेला असतो. थकलेल्या स्नायूला दार दुरुस्त करूनही पहिले बळ येईलच असे नाही.

म्हणून छातीला नळी लावून डॉक्टरांना वेगळा आवाज आला, तर सोनोग्राफीसारखीच इको नावाची तपासणी करतात. कप्प्यातले किती रक्त दर ठोक्याला बाहेर पडते, हे तीत कळते. गळक्या झडपेत हा आकडा फसवा असतो, कारण उलटे गेलेले रक्तही त्यात मोजले जाते. म्हणून झडपेचाच दोष असून गळती मोठी असेल, तर आकडा ६० टक्क्यांवर आला, की त्रास नसला तरी डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. "मला काही होत नाही, मग कशाला?" याचे उत्तर हेच आहे.

१९५३ साली अमेरिकेत जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसे यांचे काम करणारे यंत्र वापरून शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यामुळे हृदय थांबवून आत हात घालता येऊ लागला. पुढे फ्रान्सचे आलँ कार्पांतिए यांनी जुनीच झडप दुरुस्त करण्याची रीत घालून दिली. खराब तुकडा कापायचा, कडा शिवायच्या, दोरी तुटली असल्यास नवी लावायची आणि रुंदावलेल्या चौकटीला कडे बसवायचे. आमच्या मते शहाणपण यातच आहे. धातूची नवी झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि वरचेवर रक्त तपासावे लागते. जनावराच्या ऊतीची झडप काही वर्षांनी झिजते. अर्थात पाकळ्या फारच आखडल्या असतील, तर बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

पूर्वी यासाठी छातीचे मधले हाड कापावे लागे. अजूनही पुष्कळदा लागते. काही ठिकाणी उजव्या बरगड्यांमधून लहान चिरेनेही काम होते.

ज्यांना हे झेपणारच नाही, त्यांचे काय? १९९१ साली इटलीचे ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी दोन्ही पाकळ्या मध्यभागी एकमेकींना टाका घालून जोडल्या. एका दाराची दोन लहान दारे झाली, गळती घटली. त्यावरूनच पुढे चिमटा निघाला. २००३ साली तो प्रथम माणसाला लावला. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, कप्प्यांमधला पडदा टोचून पलीकडे जातात आणि पाकळ्या चिमट्यात धरतात. छाती उघडावी लागत नाही, हृदय थांबवावे लागत नाही.

पण चिमटा सर्वांना लागू नाही. २०१८ साली फुगलेल्या हृदयाच्या रोग्यांवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात चिमट्याने मृत्यू घटले, दुसऱ्यात फरक पडला नाही. रोगी निवडण्यातच सगळे आहे. रुमॅटिक तापाने जाड झालेल्या पाकळ्यांवर तर तो सहसा बसत नाही, आणि तो फार महागही आहे.

रुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाला डॉक्टर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. मूल खेळू लागले म्हणून ते बंद करू नये. किती वर्षे चालू ठेवायचे, ते डॉक्टर सांगतील. तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.