सरांचा हात

क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरांनी लिहिलं, की काही विद्यार्थी दुसऱ्याची शैली उचलून चित्रं विकायला लागले आहेत, हे शोभत नाही. नाव घेतलं नव्हतं. पण प्रदर्शनात विकलं गेलेलं चित्र माझं, तेव्हा नाव घ्यायची गरजच काय होती? खाली भराभर अंगठे उमटले. त्यातल्या निम्म्यांनी तरी माझ्या डब्यातले पराठे खाल्लेले आहेत.

ही शैली माझ्या हातात आली कशी, ते इथेच सांगते. ग्रुपमधून मला काढून टाकलंय.

रविवारी सकाळी सर डेमो द्यायचे आणि आम्ही भोवती कोंडाळं करून उभे. ओल्या कागदावर आकाश, क्षितिजाजवळ पातळ यलो ऑकर, मग वाड्याची भिंत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेला करडा, त्यातूनच दिंडी दरवाजाच्या आतली जांभळट सावली. सगळं वाळलं की शेवटी लाल नऊवारीतली बाई. डोक्याचा एक ठिपका, अंगाचा एक फटकारा. टाळ्या. मग आपापल्या जागी बसून आम्ही तेच चित्र काढायचं. सरांचा हात विलक्षण होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. एवढ्याशा पाण्यात ते जे करायचे ते पाहून मी थक्क व्हायचे.

पण त्या वाड्यांवर कधी डिश अँटेना नसायची. गच्चीवर निळी ताडपत्री नाही, फ्लेक्स नाही, खांबावर विजेच्या वायरींचा गुंता नाही. "असलं काढायचं नाही, चित्र घाण होतं." तांबट आळीत ऑन द स्पॉटला गेलो तेव्हा मला त्या वायरीच आवडल्या. खाली तांब्यावर हातोडे पडताहेत आणि डोक्यावर या काळ्या रेघा एका घरातून दुसऱ्या घरात शिरताहेत. मी त्या काढल्या. सर मागून आले, माझ्या हातातला ब्रश घेतला, ओल्या रंगात पाणी सोडलं आणि टिश्यूने वायरी उचलून टाकल्या. दरवाज्यात सावली भरली, रस्त्यावर बाई उभी केली. सगळे म्हणाले, वा! क्लासमध्ये याला 'सरांनी हात फिरवला' म्हणतात आणि ज्याच्या कागदावर फिरतो तो त्या दिवसाचा भाग्यवान.

प्रदर्शनात तेच चित्र एका वयस्कर गृहस्थांनी घेतलं. लाल ठिपक्याजवळ बोट नेऊन ते म्हणाले, "हे काय जमलंय हो! एका फटकाऱ्यात चालण्याची लकब आली." मी "थँक्यू" म्हणाले. म्हणताना तोंडाला कोरड पडली, कारण ती बाई मी काढलेलीच नव्हती. मग भिंतीवरून नजर फिरवली. प्रत्येक चित्रात तीच बाई, डावीकडून उजवीकडे निघालेली, डोक्यावर तसाच पदर. खाली नावं निरनिराळी. कुणाच्या चित्रात पाऊस, कुणाच्या चित्रात मेणवलीचा घाट, पण बाई एकच. मी माझ्या चित्राकडे परत आले आणि हिशोब मांडला. सावली सरांची. आकाश माझं, पण त्यांनी सांगितलेल्या क्रमाने केलेलं. वायरी तर गेल्याच. निव्वळ माझं म्हणावं असं एक तुळशीवृंदावन निघालं, तेही जरा कललेलं.

सर शेजारीच होते. त्या गृहस्थांना म्हणाले, "शेवटी तालीम कुणाची!" विक्रीतला ठरलेला हिस्साही क्लासने घेतला. तेव्हा ती शैली 'उचललेली' नव्हती. ती उचललेली ठरली मी क्लास सोडल्यावर.

आता जे नव्याने शिकताहेत त्यांना सांगते. आपल्या कागदाला दुसऱ्याचा ब्रश लागू द्यायचा नाही. त्याच कागदाचा एक तुकडा जवळ ठेवा आणि म्हणा, "सर, इथे करून दाखवता का?" चित्र वाळलेलं असेल तर वर ट्रेसिंग पेपर धरा, दुरुस्ती त्यावर होऊ दे. चांगल्या शिक्षकाला यात काही वावगं वाटत नाही. ज्याला अपमान वाटतो त्याच्याबद्दल तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं, हे बरंच झालं.

नक्कल करू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. तो सोवळेपणा झाला. व्हॅन गॉगने आयुष्याच्या अखेरीअखेरीस, साँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, मिलेची चित्रं पुन्हा रंगवली. पण त्याच्यासमोर होत्या काळ्या-पांढऱ्या प्रती, त्यामुळे रंग त्याला स्वतःचे आणावे लागले. ही युक्ती आपल्यालाही करता येते. आवडत्या चित्राची काळी-पांढरी प्रिंट काढा, मूळ चित्र बंद करून ठेवा आणि रंग आपले भरा. दुसरी युक्ती मला जास्त उपयोगी पडली: आज पाहून काढलेलं चित्र उद्या न पाहता काढायचं. जे विसरायला होतं आणि जे आपण नकळत घुसडतो, त्याची नोंद मागच्या बाजूला तारखेसकट करायची. माझ्या प्रत्येक कागदावर काही ना काही लोंबकळत असतं, वायर नाहीतर वाळत घातलेले कपडे, हे मला तिथे कळलं. क्लासमध्ये ते कळायला वावच नव्हता. आणि नक्कल एकाचीच करू नका. पाचसहा जणांची करा, अगदी एकमेकांशी न पटणाऱ्यांची.

एस. एच. रझा मुंबईत होते तेव्हा जलरंगात उत्तम निसर्गचित्रं करायचे, नावही झालं होतं. 1948 साली काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला. त्याने चित्रं पाहून सांगितलं, की हात आहे, पण बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर. रोखठोक बोलला, पण बोलून थांबला. पाहायचं काय ते सांगितलं, रंगवायचं रझांवर सोडलं. 1950 मध्ये रझा पॅरिसला गेले आणि ज्या बिंदूवरून आज कुणीही त्यांचं चित्र ओळखतो, तो त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. म्हणून 'स्वतःची शैली शोधा, दोन दिवसांची कार्यशाळा' अशी जाहिरात दिसली की मला हसू येतं. अर्थात अशा एका कार्यशाळेची जाहिरात सध्या कोण करतंय, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

बाकी तेच, जे सगळे सांगतात. रोज काढा, धीर धरा, लाइक मोजू नका. एकच पेन किंवा एकच ब्रश बरेच दिवस वापरा, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन बसा. क्लासबाहेरच्या माणसाला चित्र दाखवा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी माझी सगळी जुनी चित्रं पाहून विचारलं होतं, "ताई, ही बाई रोज जाते कुठं?" मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

कायद्याचंही सांगून ठेवते, कारण ग्रुपवर 'कॉपीराइट' हा शब्द फेकला गेला. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा विशिष्ट चित्राला संरक्षण देतो, चित्र काढण्याच्या ढंगाला नाही. करडा कसा मिसळायचा, बाई किती फटकाऱ्यांत उभी करायची, यावर कुणाची मालकी नसते. मात्र डेमोवरून केलेलं चित्र विकायला काढू नका. ते मूळ चित्र शिकवणाऱ्याचं असतं आणि तिथे त्यांचं म्हणणं खरं ठरू शकतं. माझं चित्र तांबट आळीत, समोर वाडा ठेवून काढलेलं होतं. अंगठे देणाऱ्यांपैकी चार जण तर माझ्याच ओट्यावर बसले होते.

क्लास लावण्याआधी सरांची चित्रं पाहू नका, ती चांगलीच असणार. विद्यार्थ्यांची मागा, जुन्या विद्यार्थ्यांचीही. नावं झाकून पाहा. कुणाचं कुठलं ते ओळखू येत नसेल, तर चहा घ्या आणि घरी या. सोडून गेलेल्यांबद्दल सर काय बोलतात तेही ऐका. आणि सवलत देतो म्हणाले तरी वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा. माझ्या उरलेल्या महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत.