फ्यूज उडाला, पुढे काय?

गणपती जवळ आले की आपल्या होस्टेलवरची निम्मी मुलं रात्री खोलीवर सापडत नाहीत. कुणी गिरगावात, कुणी परळला, तर कुणी लालबागला आपापल्या मंडळाच्या सजावटीत गुंतलेली असतात. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. पुढे गिरणगावात १९२८ साली गणेश गल्लीचा आणि १९३४ साली लालबागच्या राजाचा उत्सव सुरू झाला. या सगळ्या भागात मूर्तीइतकीच गर्दी खेचतात ते हलते देखावे. मान डोलावणारा हत्ती, गदा उगारणारा भीम, फणा हलवणारा कालिया! पडद्यामागे मात्र आपल्याच अभ्यासक्रमातली मंडळी असतात: मोटर, गिअर, क्रँक. आणि ऐन गर्दीच्या वेळी भीमाची गदा अर्ध्यावर थांबते व मागून हाक येते, "फ्यूज उडाला रे!"

मी गेली काही वर्षं आमच्या गल्लीतल्या देखाव्याचं वायरिंग सांभाळतो. तिथे जे शिकलो ते या लेखात मांडतो.

मोटर अडली की काय होतं?

देखाव्यासाठी बहुतेक ठिकाणी गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर वापरतात. चोर बाजारात जुनी मिळते, वेग कमी, ताकद भरपूर. समजा तिच्या गुंडाळीचा रोध ०.६ ओहम आहे. ओहमच्या नियमाने १२ भागिले ०.६, म्हणजे २० अँपिअर करंट यायला हवा. पण फिरणारी मोटर घेते जेमतेम ३ अँपिअर. असं का? कारण फिरताना ती स्वतःच जनरेटरसारखा उलटा दाब तयार करते. तोच आपला 'बॅक ईएमएफ'. तो इथे १०.२ व्होल्ट असतो आणि गुंडाळीच्या वाट्याला उरतात फक्त १.८ व्होल्ट.

आता गदेत जरीचा शेला अडकला आणि मोटर थांबली. फिरणं बंद, म्हणून बॅक ईएमएफ शून्य, म्हणून करंट थेट २० अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालताना गुंडाळीत साडेपाच वॅट जळत होते, आता २४० वॅट जळतात. म्हणजे जवळजवळ ४५ पट! व्हायव्हात पाठ करून सांगितलेलं सूत्र पॅन्डलमध्ये असं धूर होऊन समोर येतं. फ्यूज त्या धुराच्या आधी तुटावा म्हणूनच लावलेला असतो.

हा दोष फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बदकांची शिकार करणारे लोक पंख फिरवणारी नकली बदकं पाण्यात उभी करतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती तिथे फार चालू लागली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, पण त्या बदकाच्या पोटातही तीच बॅटरी, तीच छोटी डीसी मोटर आणि तोच फ्यूज असतो. पंखात गवत अडकलं की तिथेही फ्यूज उडतो. भीम असो की बदक, गणित एकच.

उडालेला फ्यूज आधी वाचा

घाईत नवा फ्यूज लावण्याआधी जुना उजेडात धरून बघा. काच स्वच्छ असून तार मध्येच तुटली असेल, तर करंट मर्यादेपेक्षा थोडा जास्त होता आणि बराच वेळ वाहत होता. म्हणजे ओव्हरलोड. काच काळी पडली असेल किंवा आतून चंदेरी थर बसला असेल, तर करंट एकदम प्रचंड वाढला. म्हणजे शॉर्टसर्किट. टोपीजवळचं टोकच वितळलं असेल, तर बहुधा होल्डरची पकड ढिली आहे आणि तो जोडच तापतोय.

फ्यूज कधी उडाला हेही विचारा. स्विच दाबताच उडाला तर वायरिंगकडे बघा. तास-दोन तासांनी उडाला तर यंत्राकडे बघा. सगळ्या मोटरी एकदम सुरू करताना मुख्य फ्यूज उडत असेल, तर कदाचित बिघाड काहीच नाही. सुरुवातीच्या क्षणी प्रत्येक मोटर थांबलेलीच असते, त्यामुळे सहा मोटरी मिळून क्षणभर १२० अँपिअर मागतात. त्या एकेक करून सुरू करा.

दोष शोधायचा कसा?

एकामागून एक फ्यूज जाळत बसू नका. १२ व्होल्टच्या बाजूला फ्यूजच्या जागी गाडीच्या हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब लावा. आता कितीही मोठा शॉर्ट असला तरी ५ अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. बल्ब पूर्ण पेटला तर मोटरची जोडणी सोडवा. तरीही पेटलेला राहिला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. विझला तर मोटर किंवा तिच्यापुढची यंत्रणा तपासा.

मोटर जाम आहे का हे दांडा हाताने फिरवून ठरवू नका. वायपर मोटरमध्ये वर्म गिअर असतो, तो बाहेरून फिरतच नाही. आधी क्रँकची कडी काढा आणि मोटर मोकळी चालवून बघा. मोकळी छान चालली तर दोष हाताच्या सांध्यात आहे: रंग सुकून आवळलेला बुश, गुंडाळलेलं कापड, नाहीतर पावसात भिजून जड झालेला पोशाख. हाताच्या मागच्या टोकाला तोलाचं वजन लावलं तरी मोटरचं काम बरंच हलकं होतं.

एका वर्षी आमच्याकडे मजेशीर प्रकार झाला. दोन पुतळ्यांच्या दोन्ही मोटरी टेबलावर उत्तम चालत. लोखंडी सांगाड्यावर बसवल्या की स्विच दाबताच फ्यूज जाई आणि काच काळी पडे. कारण असं निघालं, की त्या जुन्या मोटरींची ऋण बाजू त्यांच्या बॉडीलाच जोडलेली होती. एक पुतळा उलट हलावा म्हणून कुणीतरी त्याच्या मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या. एका मोटरची बॉडी धन, दुसरीची ऋण, आणि मधे सांगाडा! खरं तर क्रँकने हात मागे-पुढेच होतो, मोटर कुठल्याही दिशेने फिरली तरी फरक पडत नाही. वायरी सरळ केल्या आणि काम झालं.

जाड तार, चंदेरी कागद

आता सर्वांत महत्त्वाचं. रात्री नऊची वेळ, रांग रस्त्यापर्यंत गेलेली, आणि पुन्हा फ्यूज जातो. अशा वेळी हमखास कुणीतरी म्हणतो, "अरे, सिगारेटचा चंदेरी कागद गुंडाळ आणि चालू कर." आमच्याकडेही एका दादांनी तसं सांगितलं होतं. गिरणीतून निवृत्त झालेले आमचे इलेक्ट्रिशियन काका शांतपणे म्हणाले, "फ्यूज जळू दे. तो जळण्यासाठीच लावलाय." वीस मिनिटं देखावा हलला नाही. लोकांनी दर्शन घेतलं आणि पुढे गेले, कुणी तक्रार केली नाही.

किटकॅट फ्यूजमध्ये ५ अँपिअरसाठी ०.२ मिमीची कलई केलेली तांब्याची तार लागते, १५ अँपिअरसाठी ०.५ मिमीची. शिवाय अशी तार वितळते तीच मुळी लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट करंटला. पुतळ्याला जाणारी ०.७५ चौरस मिमीची वायर साधारण ६ अँपिअर सोसते. तिच्यापुढे १५ ची तार लावली, तर त्या सर्किटमधला सर्वांत कच्चा दुवा फ्यूज राहत नाही, वायर होते. ती वायर कुठून जाते? कापड, बांबू, प्लाय आणि पुठ्ठ्याच्या मधून. बाहेर चिंचोळी गल्ली आणि त्यात खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं. त्या गर्दीत आपलीच आई, आपलीच भावंडं असतात.

म्हणून थोडक्यात नियम असे:

१. प्रत्येक मोटरला वेगळा फ्यूज. ३ अँपिअरच्या मोटरला ५ चा पुरे. एक अडली तरी बाकीचा देखावा चालू राहतो.

२. काचेच्या फ्यूजच्या टोपीवर 'टी' असेल तर तो सावकाश उडणारा, 'एफ' असेल तर झटपट. मोटरला 'टी' घ्या. सुरुवातीचा क्षण तो सोसतो, मोटर अडली तर काही सेकंदांत तुटतो.

३. फ्यूज बदलायच्या आधी मेन स्विच बंद. २३० व्होल्टच्या बाजूला परवानाधारक इलेक्ट्रिशियनशिवाय हात घालू नका.

४. फ्यूज शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

५. एकच फ्यूज दोनदा उडाला तर तिसरा लावू नका. कारण सापडेपर्यंत पुतळा थांबू द्या.

सुटे फ्यूज लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला अगदी स्वस्तात मिळतात. डबीभर आणून ठेवा, आणि डबीवर अँपिअरचा आकडा ठळक लिहा, म्हणजे घाईत चुकीचा हाताला लागणार नाही. आणि हो, होस्टेलवर इस्त्री लावल्यावर मजल्याचा फ्यूज गेला, तर तिथेही नियम क्रमांक पाच लागू आहे!