उन्हाळी लागली तर पाचशे रुपये कुठे घालवाल?

"दादा, उन्हाळी लागलीय, दोन गोळ्या द्या की." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलसमोर कॉलेजची मुलगी हळू आवाजात सांगते. दुकानदार कात्रीनं पट्टीतल्या चार गोळ्या कापतो आणि कागदी पुडीत टाकतो. चाळीस-पन्नास रुपयांत काम भागलं. कापलेल्या तुकड्यावर ना धड नाव, ना मुदत. अँटिबायोटिकच्या पट्टीवर असते ती उभी लाल रेघ तेवढी अर्धीमुर्धी उरलेली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका, असं ती रेघ सांगते. सेफिक्झिमसारखी औषधं तर १ मार्च २०१४ पासून 'एच-१' यादीत आहेत. विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. वही कुठं दिसते का बघा!

धडधाकट तरुण मुलींच्या या दुखण्यामागं बहुतेक वेळा ई. कोलाय असतो, आपल्याच आतड्यातला जिवाणू. सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम त्याच्यावर पूर्वीसारखी चालत नाहीत, हे आयसीएमआरचे वार्षिक अहवाल सांगत आलेत. "मी कधी गोळीच खात नाही" म्हणणाऱ्याच्या पोटातही असा निर्ढावलेला जिवाणू मुकाट बसलेला असू शकतो. प्रतिकार अंगात नाही, जिवाणूत येतो.

म्हणून कधी कधी आधी तपासणी करावी लागते. आता तिचा खर्च. खासगी लॅबमध्ये लघवीची साधी तपासणी साधारण १०० ते २०० रुपयांत होते, कल्चरला, म्हणजे लघवीतला जिवाणू वाढवून बघायला, ४०० ते १,००० पडतात. दर लॅबप्रमाणे बदलतात, म्हणून आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचाराच: कल्चर इथंच लावता की नमुना पुण्या-मुंबईला जातो? सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कोणतं औषध चालेल याची चाचणी, याच पैशांत का? तपासायच्या औषधांच्या यादीत नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन आहे का? खिसा हलका असेल तर दसरा चौकाजवळचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. केसपेपर काढा, रांगेची तयारी ठेवा. खर्च खासगीच्या मानानं बराच कमी.

प्रत्येकीनं कल्चर करायलाच हवं असं मात्र नाही. पहिल्यांदाच साधी जळजळ असेल तर डॉक्टर कल्चरशिवायही औषध देतात, आणि ते बरोबर आहे. त्रास पुन्हा उलटला, गोळ्यांनी उतरला नाही, गरोदरपण असेल किंवा रुग्ण पुरुष असेल, तर पैसे वाचवू नका. उलट काहीच त्रास नसताना चेकअपच्या पॅकेजमध्ये जिवाणू सापडले, तर गरोदरपणासारखे मोजके अपवाद सोडता औषधाची गरज नसते. तिथं गेलेले पैसे पाण्यात.

नमुना पहिल्या गोळीआधी द्या, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी लढाई जिंकली. जागा पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडा, मधली लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाही जमलं तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. 'मिश्र वाढ' असं आलं, तर बहुधा नमुना बिघडलाय. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. पण 'एस'ची यादी घेऊन थेट मेडिकल गाठू नका. निवड डॉक्टरांची.

औषधाचा खर्च फार नाही. नायट्रोफ्युरॅन्टॉइनचा पाच-सात दिवसांचा कोर्स शे-दोनशेच्या आसपास बसतो. गोळी जेवणासोबत घ्यायची. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका. आणि हो, जळजळ शमवायला आपण जे सोड्याचं सिरप आणतो, ते या गोळीसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लघवी आम्लधर्मी असली तरच ही गोळी नीट काम करते. सब्जा, धण्याचं पाणी खुशाल प्या, पण त्यानं जिवाणू मरत नाही. फॉस्फोमायसिनची पुडी एकदाच घ्यायची, ती साधारण चारशे-पाचशेला पडते.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या, यातलं काही दिसलं की कल्चरच्या अहवालाची वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. तिथं जिवाणू गोळ्यांना दाद देत नसेल, तर शिरेतून इंजेक्शनं द्यावी लागतात. मेरोपेनेमच्या एकेका बाटलीची छापील किंमत हजाराच्या पुढं असू शकते, आणि ती दिवसातून तीनदा लागते. खाटेचं भाडं वेगळं.

अहवालाचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना पहिल्यांदा तोच दाखवा.