तबकडी उसनी देण्यापूर्वी

ज्या गृहस्थांनी माझी तबकडी ऐकण्यासाठी म्हणून नेली आणि तिच्या वेष्टनात दुसरीच घालून परत आणली, त्यांचे नाव मी येथे देणार नाही. न्यू जर्सीतील आमच्या जॅझप्रेमी मंडळींत ते सर्वश्रुत आहे, आणि इतरांना नावापेक्षा त्या कृत्याची रीत कळणे अधिक उपयोगाचे आहे.

तबकडी ग्रॅशन माँकर तिसरे यांची, 'इव्हॉल्यूशन'. ब्लू नोटची, क्रमांक ४१५३. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी एंगलवुड क्लिफ्स येथे रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. नायक ट्रॉम्बोनवादक, पियानो मुळीच नाही, स्वरसंगतीचा सारा भार बॉबी हचरसन यांच्या व्हायब्राफोनवर, आणि ड्रमवर अवघ्या सतरा वर्षांचे टोनी विल्यम्स. ज्यांनी ली मॉर्गन यांचा ट्रम्पेट केवळ 'द साइडवाइंडर'मध्ये ऐकला आहे, त्यांना त्याच्या महिनाभर आधीचे हे गंभीर, सावकाश वादन ऐकून विस्मय वाटल्यावाचून राहणार नाही. जॅकी मॅक्लीन यांच्या 'वन स्टेप बियाँड'च्या मागील बाजूस छापलेल्या साथीदारांच्या नावांचा माग काढीत मी माँकरांपर्यंत पोहोचलो होतो; अपरिचित संगीत शोधण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही, आणि तो मी मंडळींना मोकळेपणाने सांगितलाही होता.

ते गृहस्थ काही आठवड्यांनी तबकडी घेऊन आले, तिची तोंड भरून स्तुती केली, चहा घेतला आणि गेले. त्या रात्री मी ती लावली. पहिल्या बाजूच्या आरंभी, 'एअर रेड'च्या प्रारंभीच्या निःशब्दप्राय भागात, माझ्या प्रतीत एक बारीक 'टक्' होई. वर्षानुवर्षे ऐकून तो ध्वनी माझ्या लेखी त्या रचनेचाच अंश झाला होता. मी नकळत त्याची वाट पाहत होतो, आणि तो आला नाही. सुई उचलून पुन्हा ठेवली, तरीही आला नाही. ती माझ्या तबकडीहून स्वच्छ होती, आणि त्याच क्षणी माझ्या पोटात धस्स झाले.

मग दिव्याखाली तिरपी धरून लेबलालगतचा कोरा काळा पट्टा पाहिला. नॉर्थ प्लेनफील्डच्या प्लास्टिलाइट कारखान्यात दाबलेल्या ब्लू नोटच्या तबकड्यांवर तेथे एक चिमुकली खूण असते, जिला संग्राहक 'कान' म्हणतात. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर १९६६ साली काम त्या कारखान्यातून गेले आणि ती खूण बंद पडली. तथापि शिल्लक राहिलेली जुनी 'न्यूयॉर्क यूएसए' लेबले नव्या तबकड्यांवर वापरली गेली, त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास दोहोंत काडीचाही फरक दिसत नाही. व्हॅन गेल्डर यांच्या नावाचा ठसाही दोन्हींवर सापडतो. केवळ त्या ठशावर विसंबून कोणी दाम मोजू नये. माझ्या प्रतीच्या दोन्ही बाजूंस कान होता, आणि तशी नोंद माझ्या वहीत तारखेनिशी आहे. हातातल्या तबकडीवर एकाही बाजूस नव्हता.

खुलासा विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, तुमची प्रत पहिल्यापासून अशीच होती, वयानुसार आपल्याच वस्तूंबद्दल भ्रम होतो," आणि वर, तबकड्यांच्या खुणांवरील एक ग्रंथ मला वाचावयास देऊ केला! तो ग्रंथ माझ्या कपाटात आधीपासूनच आहे. मी वही पुढे केली, तर ती त्यांनी उघडूनही पाहिली नाही. मंडळींपैकी बहुतेकांनी एका तबकडीपायी संबंध बिघडवू नयेत असा सल्ला दिला, आणि तो सल्ला फिर्यादीला दिला, ज्याच्यावर आरोप होता त्याला नाही, हे मी अद्याप विसरलेलो नाही.

म्हणून सांगतो. तबकडी देण्यापूर्वी कोऱ्या पट्ट्यावरील प्रत्येक अक्षर नि खूण दोन्ही बाजूंची कागदावर उतरवा, तिरप्या प्रकाशात छायाचित्र घ्या, आणि विशेषतः तिचे दोष लिहून ठेवा: ओरखडा कोठे, 'टक्' कोणत्या रचनेत, लेबलावर डाग कोणत्या अक्षरापाशी. चांगुलपणाची नक्कल करता येते, दोषांची सहसा येत नाही. त्या कागदावर नेणाऱ्याची सही घ्या. सही मागितल्याने जो दुखावतो, त्याला तबकडी देऊ नका. परत आल्यावर रुजवात त्याच्या समक्ष, चहापूर्वी करा. वेष्टन पाहून समाधान मानू नका.

चर्चा मात्र थांबवू नका. कोणी साथ केली, कोणती रचना दुर्लक्षित राहिली, हे ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, आणि ते दडवून ठेवणारे संग्राहक मला आजही आवडत नाहीत. ज्यांना 'इव्हॉल्यूशन' ऐकावयाची असेल त्यांनी माझ्या घरी यावे. बाजारातून पुन्हा मिळवलेली प्रत, दोन्ही बाजूंस कान असलेली, मी स्वतः लावीन. ती घराबाहेर जाणार नाही.