पाहुणा झोपला, तरी यजमान जागा का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. हिशेबाचा एक प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतो, म्हणून केव्हीएमवर विंडोज १० चे व्हर्च्युअल मशीन बनवले आणि त्याला ४ कोअर दिले. काम झाले की मी ते तसेच चालू ठेवतो. आत टास्क मॅनेजर १ ते २ टक्के दाखवतो. बाहेर लिनक्समध्ये टॉप चालवून पाहिले, तर त्याच मशीनच्या नावावर ३५ ते ४० टक्के! पंखा थांबायचे नाव घेत नाही. दोघांपैकी खोटे कोण बोलते? आत व्हायरस असेल का? आणखी कोअर दिले तर भार वाटला जाईल का? (सांगलीचे एक वाचक)

उत्तर : खोटे कोणीच बोलत नाही, आणि व्हायरसची शक्यताही कमी. व्हायरस आत राबत असता, तर त्याची मेहनत बहुधा आतल्या मीटरवरही उमटली असती. तुमच्याकडे आत सामसूम आहे आणि गडबड बाहेर. हाच धागा धरून पुढे जाऊ.

आधी दोन्ही मापे जुळवून घ्या. टास्क मॅनेजरचे १०० टक्के म्हणजे सगळे कोअर मिळून. टॉपचे १०० टक्के म्हणजे एकच कोअर. तुमच्या विंडोजकडे ४ कोअर आहेत, म्हणून आतले २ टक्के बाहेरच्या मापात ८ होतात. (टॉप चालू असताना शिफ्ट धरून 'आय' दाबले, की तोही सगळे कोअर मिळून हिशेब मांडतो.) म्हणजे ४० मधल्या ८ चा पत्ता लागला. उरलेले ३२ कुठे जातात ते पाहायचे.

त्यासाठी 'रिकामा प्रोसेसर' म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवे. प्रोसेसर आपण होऊन थांबत नसतो. एक सूचना संपली की पुढची, ती संपली की त्यापुढची, एवढेच त्याला ठाऊक. करण्याजोगे काही उरले नाही, हे ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला सांगावे लागते. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी हॉल्ट नावाची सूचना आहे : आता थांब, कोणी हाक मारली की ऊठ. ही हाक म्हणजे इंटरप्ट. व्हर्च्युअल मशीनच्या आतून हॉल्ट आली, की होस्टवरचा (म्हणजे यजमान असलेल्या बाहेरच्या लिनक्सवरचा) हायपरव्हायजर, तुमच्याकडे केव्हीएम, ती अडवतो. मग तो कोअर दुसऱ्या कामाला लावतो किंवा खरोखर झोपवतो.

डॉसला ही रीत माहीत नव्हती. पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत असतो आणि आपल्याला वाटते डॉस स्वस्थ बसले आहे. प्रत्यक्षात ते 'कळ दाबली का, कळ दाबली का' असे विचारत पूर्ण वेगाने घुमत असते. विंडोज ९५ सुद्धा हॉल्ट वापरत नसे. घरात एकच कॉम्प्युटर आणि त्यात एकच सिस्टिम होती, तोवर कोणाचे काही बिघडले नाही. आज जुन्या प्रोग्रामसाठी डॉसचे व्हर्च्युअल मशीन केले, तर एक अख्खा कोअर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो. ज्यांच्याकडे असे मशीन आहे त्यांनी फ्रीडॉस वापरून पाहावे. त्यातला एफडीएपीएम हा छोटा प्रोग्राम एपीएमडॉस या पर्यायाने चालवला, की डॉसलाही थांबता येते.

तुमचे विंडोज १० मात्र हॉल्ट व्यवस्थित वापरते. ते झोपते, यात शंका नाही. अडचण अशी, की ते सारखे उठते.

खऱ्या कॉम्प्युटरमध्ये घड्याळाच्या चिप असतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये त्या नसतात, त्या असल्याचा भास होस्ट उभा करतो. आतल्या सिस्टिमने आरटीसी किंवा एचपीईटी यांसारख्या घड्याळाला हात लावला, की प्रत्येक वेळी कारभार आतून बाहेर येतो, होस्टवरचा क्यूएमू प्रोग्राम उत्तर तयार करतो आणि मग पुन्हा आत जातो. या बाहेर येण्याला व्हीएम एक्झिट म्हणतात. समजा, शेजारच्या खोलीत पाहुणा झोपला आहे, पण घटकेघटकेला उठून 'किती वाजले हो?' असे विचारतो. घरात घड्याळ एकच, आणि ते यजमानाच्या उशाशी. पाहुण्याला वाटते, रात्रभर छान झोप लागली, विचारायला कितीसा वेळ गेला? पण दिवा लावून घड्याळ पाहायचे आणि सांगून पुन्हा आडवे व्हायचे, हे सगळे यजमानाला. तुमचे ३२ टक्के बहुतांश हेच आहेत. पाहुण्याच्या मीटरवर ते येत नाहीत, कारण होस्ट घड्याळ पाहत असतो तेवढा वेळ पाहुणाच थांबलेला असतो आणि ते काम होस्टच्या नावावर जाते.

इथे काम किती झाले यापेक्षा उठणे किती वेळा झाले याला महत्त्व आहे. विंडोजची नेहमीची चाल सेकंदाला ६४ ठोके, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी एक. पण ब्राउझर, गाणी वाजवणारे किंवा व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम 'मला १ मिलिसेकंदाचे ठोके हवेत' अशी मागणी करू शकतात. ६४ चे १००० होतात. प्रोग्रामची खिडकी खाली लपवून ठेवली, तरी मागणी उभी राहू शकते.

हे दुखणे सर्वांत आधी मेनफ्रेमवाल्यांना जाणवले. आयबीएमच्या एकाच यंत्रावर शेकडो लिनक्स चालवता येत, आणि त्या काळचे लिनक्स काम असो वा नसो, सेकंदाला १०० वेळा उठे. १०० पाहुणे असतील तर सेकंदाला १०,००० वेळा जाग, आणि काम कोणाचेच नाही. २००१ मध्ये आयबीएमच्या मार्टिन श्विडेफस्की यांनी रिकाम्या लिनक्सची ही टिकटिक बंद करणारा बदल सुचवला. पीसीवरचे लिनक्स मात्र त्या वेळी उलट्या दिशेने निघाले होते : २.६ आवृत्तीत ठोके १०० वरून १००० झाले, २००५ मध्ये २.६.१३ ने ते २५० वर आणले, आणि २००७ च्या २.६.२१ पासून काम नसेल तेव्हा ठोकेच न देण्याची सोय आली. आजही कोणी सेंटओएस ५ जपून ठेवले असेल, तर त्यात २.६.१८ आहे आणि ठोके १०००. बूट करताना कर्नलला 'डिव्हायडर=१०' असे सांगितले की ते १०० वर येतात. एवढ्या एका शब्दाने सर्व्हर शांत झालेले मी पाहिले आहेत.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पॉवरसीएफजी' लिहून, जागा सोडून, तिरकी रेघ आणि 'एनर्जी' लिहा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). ६० सेकंद कशाला हात लावू नका. नंतर एक अहवाल तयार होतो. त्यात 'प्लॅटफॉर्म टायमर रेझोल्यूशन' या मथळ्याखाली ठोके वाढवून मागणाऱ्या प्रोग्रामचे नाव असते. हिशेबासाठी ठेवलेल्या विंडोजमध्ये ब्राउझर उघडा राहिला असेल, तर आधी तो बंद करून पाहा.

पण खरा फरक पडतो तो दुसऱ्या उपायाने. पाहुण्याला त्याचे स्वतःचे घड्याळ द्यायचे! मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही मध्ये अशी सोय आहे, की आतल्या विंडोजला आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कळते आणि ते मेमरीतल्या एका ठरावीक पानावरून वेळ वाचते, बाहेर यावेच लागत नाही. केव्हीएमला हायपर-व्हीची ही नक्कल करता येते, पण ती मशीनच्या नोंदीत लिहिलेली असावी लागते. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ या आवृत्तीपासून ही नोंद नसलेली मशीन रिकामी असतानाही फार तापू लागली, असा पुष्कळांचा अनुभव आहे. 'व्हर्श एडिट' ने नोंद उघडा, त्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. 'हायपरव्ही' विभागात 'व्हीपीइंडेक्स', 'सिनिक' आणि 'एसटायमर' हे तिन्ही चालू करा. एसटायमर इतर दोघांशिवाय चालत नाही. घड्याळाच्या विभागात 'हायपरव्हीक्लॉक' हवे आणि 'एचपीईटी' नको. यानंतर पुष्कळ जण विंडोज आतून रीस्टार्ट करतात आणि काहीच बदलले नाही म्हणून हताश होतात. बदल लागू व्हायला मशीन पूर्ण बंद करून लिनक्सकडून नव्याने चालू करावे लागते.

व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांना एवढे करावे लागत नाही. तिथे सेटिंगमध्ये 'पॅराव्हर्च्युअलायझेशन इंटरफेस' असतो आणि तो आतल्या सिस्टिमचा प्रकार पाहून योग्य पर्याय निवडतो. मशीन बनवताना प्रकारच चुकीचा निवडला असेल, तर मात्र निवडही चुकते.

एक छोटा चोर आणखी आहे : माउस. बाहेरचा आणि आतला बाण एकाच जागी दिसावा म्हणून क्यूएमू यूएसबी टॅब्लेट नावाचे काल्पनिक उपकरण जोडतो. ते जुन्या पद्धतीच्या यूएसबीवर असेल, तर त्याची विचारपूस दर मिलिसेकंदाला होते, कोणी माउसला बोट लावो न लावो. आत स्पाइसचा एजंट बसवला असेल, तर टॅब्लेट काढून टाकला तरी बाण नीट चालतो.

आता एक वेगळी गोष्ट, कारण ती शोधायला सर्वांत अवघड. ओळखीच्या एका कार्यालयात विंडोज एक्सपी चे व्हर्च्युअल मशीन होते. दिवसा सर्व्हर शांत, रात्री पंखा खोलीबाहेर ऐकू येईल इतका जोरात. सकाळी कोणी आत शिरून टास्क मॅनेजर उघडला, की आकडा १ टक्का. दोन आठवडे हा लपंडाव चालला. शेवटी मी आत न जाता फक्त बाहेरून, होस्टवरून, पाहत बसलो. शेवटचा माणूस उठून गेल्यावर बरोबर दहा मिनिटांनी आकडा उसळला. स्क्रीनसेव्हर! त्या रंगीत, वळणावळणांनी वाढत जाणाऱ्या नळ्या. मशीनला ग्राफिक्स कार्ड नव्हते, त्यामुळे प्रत्येक नळी प्रोसेसर हाताने रंगवत होता, रात्रभर, ज्या पडद्याकडे कोणीच पाहत नव्हते त्याच्यासाठी. आणि माउस हलवला की स्क्रीनसेव्हर बंद, म्हणून तपासायला जाणाऱ्याला चोर कधी सापडत नव्हता. विंडोज १० मध्ये हीच जागा स्वयंचलित देखभालीने घेतली आहे. मशीन रिकामे दिसले की ती सुरू होते, तुम्ही परतलात की थांबते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की रिकाम्या मशीनची तपासणी बाहेरून करावी. आत पाऊल टाकले, की ते रिकामे राहत नाही.

बाहेरून पाहण्याचे साधन म्हणजे 'पर्फ केव्हीएम स्टॅट लाइव्ह'. मशीन कोणत्या कारणाने किती वेळा बाहेर येते, हे ते क्षणाक्षणाला दाखवते. वेळेच्या रकान्यात हॉल्टसमोर ९० च्या वर टक्के दिसले तर घाबरू नका, ती झोपेची वेळ आहे. पाहायचा तो किती वेळा याचा रकाना. तिथे इनपुट-आउटपुट सूचनांचे आकडे हजारोंनी पळत असतील, तर बहुधा घड्याळच जागे आहे.

तरीही थोडा भार उरला, तर तो केव्हीएमचा स्वतःचा असू शकतो. पाहुण्याने हॉल्ट म्हटले की केव्हीएम लगेच कोअर सोडत नाही, तो क्षणभर जागाच थांबतो, न जाणो लगेच हाक आली तर! इंटेल-एएमडीवर ही वाट पाहण्याची नेहमीची कमाल मर्यादा २,००,००० नॅनोसेकंद, म्हणजे २०० मायक्रोसेकंद. हाका लागोपाठ येत असतील, तर केव्हीएम अनुभवाने ही वाट लांबवतो आणि होस्टवर तो वेळ कामाचा म्हणून मोजला जातो. केव्हीएमच्या मॉड्यूलमधली 'हॉल्ट_पोल_एनएस' ही किंमत शून्य केली, की हे बंद होते. जिथे प्रत्येक मायक्रोसेकंदाला किंमत आहे, अशा सर्व्हरवर मी ते करणार नाही. लॅपटॉपवर अवश्य करावे.

कोअर वाढवण्याचे म्हणाल, तर कृपया उलट करा. ठोक्यांचा आणि जागे होण्याचा हिशेब प्रत्येक कोअरमागे लागतो. चार पाहुणे मिळून झोप वाटून घेत नाहीत, चौघेही आपापले उठतात. हिशेबाच्या प्रोग्रामला २ कोअर पुरतात. रॅम कमीजास्त केल्याने या दुखण्यात काहीच फरक पडत नाही. अपवाद एकच, आतल्या विंडोजला रॅम इतकी अपुरी पडते आहे की ते सारखे डिस्कवर लिहिते-वाचते. पण मग आतला मीटर असा गप्प राहिला नसता.

शेवटी, काम संपल्यावर मशीन चालू ठेवण्याची गरज आहे का, तेही पाहा. व्हर्ट-मॅनेजरमध्ये 'सेव्ह' म्हटले, की मशीन आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहिले जाते, उघड्या खिडक्यांसकट, आणि प्रोसेसरवरचा भार शून्य होतो. दुसऱ्या दिवशी ते तिथूनच पुढे सुरू होते. फक्त आतले घड्याळ कधी कधी काल जिथे थांबले तिथेच असते, आणि ते ताळ्यावर यायला थोडा वेळ लागतो. तुमचे काम हिशेबाचे आहे, म्हणून पहिले व्हाउचर टाकण्याआधी तारखेकडे एक नजर टाका.