मक्याचा पेला चौपाटीवर कुजेल का?

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या दुकानात पियूषसाठी ‘मक्याचे’ पारदर्शक पेले आणलेत. त्यात गरम चहा चालेल? वापरलेले पेले चौपाटीच्या वाळूत कुजतील?

उत्तर : पियूषला उत्तम, चहाला नको. हे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. मक्याची किंवा उसाची साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून ते बनते. आपल्या जेजुरीतही प्राज कंपनीने २०२४मध्ये त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. साधारण ६० अंश सेल्सिअसला हा पेला मऊ पडतो. कुजायलाही जवळपास तेवढीच ऊब, शिवाय ओलावा आणि सूक्ष्मजीव लागतात. ती सोय औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात असते. वाळूत, समुद्रात तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. बाटल्यांच्या भंगारातही मिसळू नका, पुनर्वापर बिघडतो. खरेदीआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र मागा. दुकानात बसणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र स्टीलचाच पेला द्या.